देवळालीच्या बंगल्यातलं दार

लाइट येईपर्यंत सांगतो, राजू. घडलेलं आहे हे. ज्याच्यासोबत घडलं तो सावळीराम अंबडच्या कंपनीत बावीस वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर लाकडी साचे बनवायचा. रिटायर झाल्यावर जुन्या लाकडाची कामं घेऊ लागला.

देवळाली कॅम्पात इंग्रजांच्या वेळचा एक बंगला आहे. त्याचं मूळ लाकूडकाम जपायचं काम छाया मॅडमकडे होतं, आर्किटेक्ट बाई. वरच्या खोलीत एक कायमचं बंद दार. मालक म्हणाले, किडलंय, उद्या काढून फेकतो. मॅडम सावळीरामला म्हणाल्या, "दादा, रंगाखाली सागवान आहे एवढं सकाळी दाखवता आलं, तर दार वाचेल."

गेल्या वर्षीची अकरा डिसेंबर. गुरुवार. रात्री साडेआठला तो एकटाच पात्याने रंग खरवडत बसला. वर हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली काळपट. मग लाकूड दिसलं. गडी खूश.

घाम पुसायला हात थांबवला.

पलीकडून आवाज आला. खर्र... खर्र...

त्याला वाटलं, मॅडमनी मागून दुसरा सुतार लावलाय. "कोण हाय?"

आवाज थांबला.

याने पातं चालवलं. पलीकडेही सुरू झालं.

उंदीर नाही रे, राजू. उंदीर आपल्यासाठी थांबत नाही.

त्याने मॅडमना फोन लावला. "मॅडम, दाराच्या पलीकडं कोणाला बसवलंय?"

"पलीकडे? दादा, पलीकडे खोलीच नाही. विटांची भिंत आहे. दारापासून चार बोटांवर."

फोन कानालाच. आवाज आता खाली आला होता. गुडघ्याशी. सावकाश... दमल्यासारखा.

"मी थांबलोय," तो दाराला म्हणाला.

पलीकडचं थांबलं नाही.

त्याने तळहात टेकवला. लाकूड थरथरत होतं.

उठला. चपला राहिल्या. लॅम रोडपर्यंत अनवाणी.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण आपण गेलो नाही तर दार जाणार, म्हणून सकाळी परत गेला. मालकांनी लाकूड बघितलं, हात फिरवला, म्हणाले, राहू द्या. मग पॉलिशसाठी सावळीराम आणि मॅडमनी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं.

मागे विटा. जुन्या, कोरड्या. एकही हललेली नाही. खाली रंगाची खपली नाही.

आणि दाराची मागची बाजू...

कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंग खरवडून काढलेला, स्वच्छ सागवान. त्याच्या वर, जुना हिरवा रंग जसाच्या तसा.