ब इमारतीतला सात नंबर

"ताई, किल्ली कोणी दिली?"

भावाचा आवाज वाढला नव्हता, म्हणूनच ताईने हातातली वही मिटून ठेवली. समोर भावजय खाली मान घालून उभी होती...

भाड्याची घरं गिऱ्हाइकांना दाखवणं हे त्यांच्या ऑफिसचं काम. अ इमारतीतला सात नंबर रिकामा होता, तोच आज दाखवायचा होता. ब इमारतीतल्या सात नंबरात भाडेकरू राहत होते. चुकीची किल्ली दिली गेली, आणि तिच्या बिल्ल्यावरचं 'ब' वाचून गिऱ्हाईक सरळ त्यांचं कुलूप उघडून आत गेलं, आणि आत बाळंतीण बाळाला पाजत बसली होती. दोन्ही इमारतींचे मालक आता तरातरा ऑफिसकडे निघाले होते. त्यांनी काम काढून घेतलं, तर ऑफिसला टाळंच लागणार.

खुंटीवरून किल्ली काढायची ती रखवालदाराला फोन करून, कोणतं घर रिकामं ते विचारूनच, ही ताईची पद्धत. "रिकाम्या घरात भिंतींची परवानगी घ्यायची का, वन्सं?" असं भावजय गेल्याच आठवड्यात हसून म्हणाली होती. कितीतरी विनवण्यांनंतर नवऱ्याने तिला ऑफिसात येऊ दिलं होतं, तेही बजावून... एक चूक झाली की घरी बसायचं.

"माझ्या हातून गेली," ताई म्हणाली.

"तुझ्या? मालक विचारतील, काय केलंत म्हणून. काय सांगू?"

"ताईला काढलं म्हणून सांग."

बोलून गेली खरी, पण टेबलाखाली तिचे हात गार पडले होते. भावाच्या शिक्षणापायी लग्न पुढे ढकलत गेलं, मग तो विषयच निघेनासा झाला. आता हे टेबल हाच तिचा संसार. उद्या सकाळी उठून जायचं कुठे?

"खोटं बोलताहेत त्या," भावजय म्हणाली. "किल्ली मी दिली. फोन न करता."

"तू गप्प बस गं," ताई म्हणाली.

"का? तुम्ही किती जणांचं निस्तरणार, वन्सं? आधी यांचं, आता माझं?"

भाऊ बहिणीकडे बघत राहिला. शाळेतल्या फुटलेल्या काचेपासून तिने अंगावर घेतलेलं एकेक त्याला आठवत गेलं असावं... आणि दर वेळी आपण ते किती सहज मानलं, तेही.

बाहेर गाडी थांबली. ताई सवयीने उठली.

"बस तू," तो म्हणाला. "ऑफिस माझं, चूकही माझीच. आणि उद्यापासून हिला किल्ल्यांचं काम तूच शिकव."

दार लोटून तो बाहेर गेला. काचेपलीकडे मालकांचा आवाज चढत गेला. भावाचा मात्र ऐकूच येईना. ताई पुन्हा उठू लागली, तशी भावजयीने तिचा गार हात घट्ट धरला.

"निस्तरू द्या त्यांना. एकदा तरी."

ताई बसून राहिली. नजर काचेवरच होती, पण हात तिने सोडवून घेतला नाही.