तिसऱ्या कडव्याची साथ

टेपवरचं एखादं वाक्य कळलं नाही की नोरीन ते आधी स्वतःच्या तोंडाने म्हणून बघायची. कानाला सापडत नाही ते जिभेला सापडतं, हा तिचा वर्षानुवर्षांचा अनुभव. गॉलवेच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या खास संग्रहात, कॉनमाराच्या किनाऱ्यावरच्या केव्हाच मातीत गेलेल्या म्हाताऱ्यांच्या टेपा ऐकून उतरवून काढायच्या, हे तिचं काम. दात पडलेली तोंडं, मागे कोंबड्यांचा कलकलाट, मध्येच कुणीतरी चुलीत जळणाच्या पीटमातीचं ढेकूळ टाकतंय. त्यातून जुनं आयरिश वेचायचं म्हणजे तांदळातले खडे निवडण्यासारखंच. पण तिला ते मनापासून आवडायचं.

तिच्या मदतीला फर्गल होता. डब्लिनचा पोरगेला माणूस, आयरिश शाळेत शिकलेला, म्हणजे व्याकरण पक्कं आणि उच्चार देवाच्या भरवशावर. "तू बोललास ना, की आमच्या लेटरमोरची मेंढरंसुद्धा वळून बघतील," असं ती त्याला चिडवायची. तो हसण्यावारी न्यायचा. वाक्य तोंडाने म्हणून बघायची युक्ती त्याने तिच्याकडूनच उचलली होती, आणि दिवसभर तो काही ना काही पुटपुटत असायचा.

लेटरमोरला नोरीनचे वडील एकटेच राहायचे. कोलमन टॉम बार्टली. म्हणजे बार्टलीच्या टॉमचा कोलमन. तिकडे आडनावाने कुणी कुणाला ओळखत नाही. पानगळीच्या दिवसांत त्यांच्या हृदयाने दगा दिला होता, त्यातून ते जेमतेम वाचले. तेव्हापासून फोन वाजला की नोरीन हातातलं टाकून धावायची. आई गेल्यावर तिला बाबांशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

त्या आठवड्यात तिच्याकडे आलेली टेप प्रदर्शनासाठी हवी होती. गाणारी होती नेल फाडी नावाची म्हातारी. तिची गाणी संपल्यावर टेप करायला आलेला संग्राहक म्हणतो, "आता एक कीना म्हणा ना, आजी." कीना म्हणजे मयताशेजारी बसून बायका म्हणायच्या तो विलाप.

"मयताशिवाय?" नेल विचारते. "ते होत नाही."

"मग मी झोपतो की टेबलावर," संग्राहक म्हणतो. टेबल करकरतं. तो हसतो, आणि त्या हसण्याखाली म्हातारी आणखी काहीतरी बोलते. ते वाक्य काही केल्या लागेना. नोरीनने तिथे खूण केली आणि ती पुढे गेली.

कीना तीन कडव्यांचा होता. प्रत्येक कडव्यानंतर नेल गप्प व्हायची. खऱ्या मयताला त्या जागी बाकीच्या बायका साथ देतात. इथे नुसती खरखर. नोरीनला ती रिकामी जागा सोयीचीच वाटली. पहिलं कडवं तिने तेवढ्यात मोठ्याने म्हणून घेतलं, शेवटच्या 'ओखोन' या हंबरड्यासकट, आणि मग टाइप केलं. कुणा कोळ्याचं वर्णन होतं: तांबड्या शिडाची होडी, वाऱ्याला न भिणारा गडी. असल्या कीन्यांत असतं तेच.

दुसऱ्या दिवशी दुसरं कडवं. तेही तिने म्हणून घेतलं. टाइप करायला बसली आणि तिची बोटं थांबली. त्यात म्हातारी म्हणत होती, डावा पाय ओढत तू माझ्या दारावरून जायचास, चहात साखरेऐवजी जॅम घालायचास.

चहात जॅम घालणारा माणूस नोरीनने जगात एकच पाहिला होता.

असेल कुणीतरी दुसरा, तिने स्वतःला बजावलं. त्या भागात साखरेची टंचाई काय एकाच घरात होती? खात्री करायला तिने टेप पहिल्या कडव्यावर नेली. तांबड्या शिडाची होडी आता तिथे नव्हती. म्हातारी म्हणत होती, तुझी लेक शहरात मेलेल्यांचं बोलणं ऐकत बसलीय. आणि कडवं संपल्यावर टेपच्या खरखरीमागे बाकं सरकल्याचा आवाज आला. बरीच माणसं दाटीवाटीने बसावीत तसा.

तिने फर्गलला हाक मारून हेडफोन दिला.

"बाकं? नाही गं," तो म्हणाला. "म्हातारी गातेय फक्त. शब्द मात्र माझ्या डोक्यावरून जातायत."

त्या रात्री ती धड झोपली नाही. सकाळी तिने तिसरं कडवं लावलं आणि या वेळी ओठ घट्ट मिटून ऐकलं. नेल शांत, जवळजवळ लाडाच्या सुरात गात होती.

ऊठ ना रे, कोलमन. टॉम बार्टलीच्या कोलमन.

मग नेल गप्प झाली. ही रिकामी जागा लांबतच गेली. कुणीतरी थांबलंय आणि आपल्याकडे बघतंय, असं नोरीनला स्पष्ट जाणवलं. तिने टेप थांबवली.

आता ते न लागलेलं वाक्य कळणं भाग होतं. तिने बाबांना फोन लावला.

"काय गं, आज लवकर आठवण आली?" बाबांचा आवाज ठणठणीत होता. ऐकून तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

"एक वाक्य लागत नाहीये, बाबा. ऐकतोस?" तिने हेडफोन फोनला लावला आणि तेवढाच तुकडा वाजवला.

"परत लाव."

तिने परत लावला. बाबा काहीतरी बोलले, पण ऐकायच्या खोलीच्या दगडी भिंतींत आवाज तुटायला लागला. नोरीन फोन घेऊन बाहेर अंगणात आली.

"नेल फाडी आहे ना ती?" बाबा म्हणत होते. "मी लहानपणी पाहिलीय तिला. ती म्हणतेय, मी म्हणते, पण कुणी साथ द्यायची नाही. एकटीने म्हटलं तर ते गाणं. साथ मिळाली की ते मयत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, तिन्ही कडव्यांना साथ झाली की मयत लागतंच ना. रिकाम्या टेबलाभोवती बायका किती वेळ बसणार?" ते हसले आणि मग हसायचे थांबले. "नोरीन, तू नाही ना दिलीस साथ?"

"नाही," ती म्हणाली. बाबांशी ती सहसा खोटं बोलत नसे.

"मग झालं तर. नाव कुणाचं घेतलंय तिने?"

"ओळखीचं नाही."

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांचा विश्वास बसला नाही हे तिला कळलं. "ती टेप डब्यात घाल, पोरी. आणि रविवारी ये. मॅकरेल मिळालाय मला, खारवून ठेवतो."

तिने फोन ठेवला. दोनच झाल्यात, ती मनाशी म्हणाली. तिसरी झालेली नाही, आणि होणारही नाही. टेप डब्यात जाईल, डबा तळघरात. वरिष्ठांना काय सांगायचं ते नंतर बघू. जीव भांड्यात पडल्यासारखी ती पायऱ्या चढून आली.

ऐकायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत तिच्या खुर्चीवर फर्गल बसला होता. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. पडद्यावर तिसऱ्या कडव्याची जागा कोरी होती.

तो ते म्हणून बघत होता.

नोरीनने हाक मारली, पण हेडफोनमुळे ती त्याला ऐकू गेली नाही. फर्गलच्या तोंडून एकेक शब्द बाहेर पडत होता. डब्लिनचा हेल कुठल्या कुठे गेला होता. ऊठ ना रे, कोलमन. उच्चार अगदी लेटरमोरच्या बाईसारखा. शेवटचा ओखोन त्याने लांबवला आणि सोडला.

मग त्याने डोळे उघडले आणि तो खुशीत हसला. "ऐकलंस? पहिल्यांदाच बरोबर जमलं. तू बाहेर होतीस, म्हटलं, तेवढंच उरलंय, करून टाकतो."

ती तशीच मागे फिरली. अंगणात येईपर्यंत फोन लावलेला होता.

घंटी वाजत राहिली.

मग कुणीतरी उचलला.

"बाबा?"

पलीकडे बाकं सरकत होती. कपबशा किणकिणत होत्या, आणि बायका दबल्या आवाजात बोलत होत्या. बाबांच्या घरात बाक एकही नव्हतं.

"बाबा, मी नोरीन."

फोनच्या अगदी जवळ कुणीतरी श्वास घेतला. मग एक म्हातारा, शांत आवाज खोलीतल्या बाकीच्यांना म्हणाला, "त्याची लेक आहे. जरा सरका गं, उशाशी तिला जागा द्या."