झोपलेला : मिळेल तो

वडीलधारी माणसं भुताखेताची गोष्ट सांगायला बसली की पहिल्याच वाक्यात खोटं बोलतात. "माझ्या ओळखीचा एक जण होता." नेहमी ओळखीचाच. स्वतः कधी कोणी नसतो.

बत्तीकाका आमच्याकडे दोन दिवे आणि वायरचं भेंडोळं पोचवायला आले होते. शूटिंगसाठी दिवे भाड्याने देतात, म्हणून बत्तीकाका. गुरुवार होता, रात्रीचे साडेनऊ. शनिवारी आमचं शूटिंग. दहा मिनिटांची फिल्म, अंतराळयान, तीन पात्रं. यान म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची आमचीच खोली, भिंतींना चंदेरी कागद चिकटवलेली. दिग्दर्शक माझी ताई. आवाज रेकॉर्ड करणारा तिचा मित्र, त्याला सगळे कान्या म्हणतात. मी कॉलेज सोडलेला, म्हणजे घरच्यांच्या भाषेत रिकामा, म्हणून उरलेलं सगळं माझ्याकडे.

काकांनी दिवे कोपऱ्यात ठेवले आणि जाता जाता दाराशेजारचा तक्ता वाचायला लागले. कोण, किती वाजता, उंची, छाती, बुटाचं माप. बाजूला दोऱ्याला पेन्सिल टांगलेली, ज्याने त्याने आपलं माप लिहावं म्हणून. शेवटची ओळ हेल्मेटवाल्याची. त्याने दारात दोन मिनिटं उभं राहायचं. संवाद नाही, चेहरा दिसत नाही. असल्या कामाला कोणी तयार होत नव्हतं. ताईने नावाच्या जागी लिहिलं होतं, 'मिळेल तो'.

"हे खोड," काका म्हणाले.

"का?"

"आधी खोड."

"काका, परवा शूटिंग आहे," ताई म्हणाली. "माणूस मिळाला की खोडते. तुम्ही उभे राहता का? पोट आत घ्यावं लागेल."

काका हसले नाहीत. स्टूल ओढून बसले. म्हणाले, माझ्या ओळखीचा एक जण होता.

"सिनेमाचं नियोजन करायचा. त्याला तक्तेबुवा म्हणायचे. घरातलं लग्न असलं तरी हा तक्ता करणार, कुठली मावशी कुठल्या गाडीत, कुठल्या आत्याला तिच्याशेजारी बसवायचं नाही. पक्का माणूस. तर सात वर्षांपूर्वी, नोव्हेंबरची अकरा तारीख. बायपासला एक बंद पडलेलं शीतगृह होतं. जाड दारं, छतभर पाइप. अंतराळयान म्हणून फुकटात याहून चांगलं काय मिळणार? गोष्ट अशी, की एक माणूस पेटीत दोनशे वर्षं झोपलाय. शेवटी कॅप्टन झाकणावर तीनदा टकटक करतो आणि तो डोळे उघडतो. संपली फिल्म."

"चांगली आहे," कान्या म्हणाला.

"झोपलेल्याला संवाद नाही. फरशीवरच्या पेटीत रात्रभर पडून राहायला कोण येणार? दिग्दर्शक म्हणाला, कोणीही चालेल रे. म्हणून तक्तेबुवाने लिहिलं, झोपलेला : मिळेल तो. यायची वेळ, दोन चाळीस. तोवर ट्रकची वर्दळ कमी होते. कागद शीतगृहाच्या आतल्या भिंतीला लावला, पेन्सिल टांगली, कुलूप घातलं."

"कुलूप घातलेल्या जागी कोण वाचणार होतं?" मी विचारलं.

"शूटिंगला आलेले. तू मध्ये बोलू नकोस."

मध्ये बोलू नकोस. हे वाक्य मी घरी ऐकलंय, वर्गात ऐकलंय, प्राचार्यांच्या खोलीत उभं राहून ऐकलंय. गप्प बसलो. काकांची भीड होती म्हणून नाही, पुढचं ऐकायचं होतं म्हणून.

"शूटिंगच्या रात्रीच नऊ वाजता दिग्दर्शकाचा फोन. रद्द. का, ते त्यालाच माहीत. तक्तेबुवाने एकेकाला कळवलं. घरच्या प्रतीवर एकेक ओळ खोडत गेला, पट्टी लावून. शेवटी एकच राहिली. मिळेल तो. याला कुठे फोन करणार? तो स्वतःशीच हसला."

काकांनी दाराशेजारच्या तक्त्याकडे एकदा पाहिलं.

"सकाळी सातला मालकाला किल्ली परत द्यायची होती. पेटी हलवायची, कागद काढायचा. एका मित्राचा टेम्पो मिळायला एक वाजला. पोचला तेव्हा दोन पस्तीस. कुलूप होतं तसंच. किल्ली एकच, ती याच्या खिशात. आत वीज नाही. टॉर्च घेऊन आधी कागदाकडे गेला."

"आणि?"

"मिळेल तो. त्याच्यापुढचे रकाने भरलेले होते."

ताईचा शिलाई मशीनवरचा हात थांबला. ती हेल्मेटवाल्याचाच सूट शिवत होती. माप नव्हतं, म्हणून पाय आणि बाह्या सैल सोडल्या होत्या.

"उंची पाच चार. छाती चौतीस. बूट सहा. पेन्सिलने. बारीक, नीट अक्षर."

"कोणीतरी गंमत केली असेल," ताई म्हणाली.

"किल्ली एकच होती, सांगितलं ना."

कान्याने खुर्ची आमच्या जवळ ओढली. कोणी त्याला चिडवलं नाही.

"मग त्याने टॉर्च पेटीवर मारला. झाकण त्याने स्वतः उघडं ठेवलं होतं, डिंक वाळायला. ते लागलेलं होतं. आरपार दिसणारं प्लॅस्टिक. पण आत काही दिसेना. आतून धुकं धरलं होतं. तोंडाजवळ. एवढंच, तळहाताएवढं."

"शीतगृह आहे, गारव्याने धरलं असेल," मी म्हणालो.

"मशीन दोन वर्षं बंद होतं."

"मग?"

"ते वाढत होतं. मग कमी व्हायचं... मग वाढायचं."

खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत गेलं. चाकाचा आवाज लांब गेला.

"घड्याळात दोन चाळीस."

कान्याने आपल्या मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"तो वाट बघत होता. टकटक होण्याची. वेळेवर आला होता. सांगितलं होतं तसा."

"केली टकटक?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग काय केलं?"

काकांनी गुडघ्यांवर हात पुसले.

"तक्तेबुवा म्हणाला... शूटिंग पुढे ढकललंय. आम्ही कळवतो."

मला हसू आलं, घाणेरडं. "भुताला? कळवतो?"

"तोंडात तेच आलं. काम मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगायचा. सवय."

"पुढे?"

"धुकं थांबलं. कमी नाही, जास्त नाही. कोणी श्वास रोखून ऐकावं... तसं. तो दार ओढून पळाला. पेटी तिथेच. कागद तिथेच. किल्ली मालकाच्या खिडकीतून आत टाकली."

"आणि कळवलं का त्याने नंतर?" मी विचारलं.

काका उठायला लागले, पुन्हा बसले.

"सात वर्षांत एकदा?"

"काय कळवायचं? फिल्म झालीच नाही. 'नाही' सांगायला परत आत जावं लागलं असतं."

"पाच चार, चौतीस, सहा," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या तक्त्यातली मापं कोणी सात वर्षं पाठ ठेवतं का, काका?"

ताईने माझ्यावर डोळे वटारले. काकांनी वायरचं भेंडोळं उचललं, जे ठेवून जायला आणलं होतं. हातात धरून बसले. मग खाली ठेवलं.

"तेव्हापासून दिवेच लावतो," ते म्हणाले. "शीतगृह मागच्या महिन्यात पाडलं. आता तिथे नुसती सपाट जमीन. तो कुठे गेला असेल, मला माहीत नाही. आणि तुम्ही इथे त्याच शब्दांत लिहून ठेवलंत. म्हणून म्हणतो, खोड."

त्यांचा चेहरा बघून कोणालाही दया आली असती. मला राग आला. फेरपरीक्षेचं विचारायला गेलो तेव्हा प्राचार्यांनी मलाही सांगितलं होतं, कळवतो. चौदा महिने झाले. नाही म्हणाले असते तर त्याच दिवशी उठून दुसरं काही केलं असतं. या लोकांना नाही म्हणायची लाज वाटते, आणि ती लाज झाकायला ते दुसऱ्याला बसवून ठेवतात.

"मी उभा राहतो हेल्मेट घालून," मी म्हणालो.

'मिळेल तो' खोडून माझं नाव लिहिलं. उंची पाच अकरा, छाती चाळीस, बूट दहा. मग खालच्या मोकळ्या जागेत जाड पेनाने, ठळक अक्षरात लिहिलं :

'पाच चार, चौतीस, सहा यांना : ही भूमिका दुसऱ्याला दिली आहे. तुमचं शूटिंग सात वर्षांपूर्वीच रद्द झालं. वाट पाहू नये.'

"झालं," मी म्हणालो. "एवढंच करायचं होतं."

काकांनी ते दोनदा वाचलं. भिंतीला हात लावत जिना उतरले. सव्वाअकरा झाले होते.

ताईने बारापर्यंत बसून सूट पुरा केला. गळ्यापासून टाचेपर्यंत एकसंध, गाडी झाकायच्या चंदेरी कापडाचा. मला घालायला लावला. पाय बरोबर टाचेशी, बाह्या बरोबर मनगटाशी. "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तुझ्या मापाचं झालं," ती म्हणाली. सूट खुंटीला टांगला. आम्ही तिघं एकदमच निघालो. कुलूप तिने लावलं, किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात. घरापर्यंत मी तिच्याबरोबर होतो.

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही तिघं वर आलो. कुलूप तिनेच उघडलं.

मी सरळ तक्त्याकडे गेलो. माझं नाव होतं तसं. खालचा मजकूर तसाच. पेन्सिलीचा एक ओरखडाही नाही. पेन्सिल दोऱ्याला, हलत नव्हती.

"बघ," मी म्हणालो. "स्पष्ट सांगितलं की विषय संपतो."

ताई खुंटीपाशी उभी होती.

"हे तू केलंस?"

मला सुईत दोरा ओवता येत नाही. तिला माहीत आहे.

सूटचे दोन्ही पाय चार चार बोटं आत दुमडलेले होते. बाह्याही. छातीच्या दोन्ही बाजूंनी कापड आत घेतलेलं. पांढऱ्या दोऱ्याचे बारीक, सारखे टाके. हाताने घातलेले. घाई नसलेल्या माणसाचे.

ताईने टेप काढली. गळ्यापासून टाचेपर्यंत लावली. मग पुन्हा एकदा लावली.

कान्याने विचारलं, "किती?"

तिने तक्त्याशी जाऊन माझ्या मजकुरातल्या 'पाच चार'वर बोट ठेवलं.