मखमलीखालचं ऊन

दवाखान्याच्या गच्चीवर वायरमन मरून पडला होता आणि चार वाजता मंत्रीसाहेब येणार होते. या दोहोंपैकी जास्त गंभीर बाब कोणती, यावर खालच्या व्हरांड्यात केव्हाच एकमत झालं होतं.

फौजदारबाई जिना चढून वर आल्या. डोक्यावर भर दुपारचं ऊन. मागून हवालदार धापा टाकत आला.

"बाई, इथं माणूस उभ्या उभ्या वाळेल."

"वाळलात तर वर्दी सैल करून मिळेल. चला."

अर्धीअधिक गच्ची सौर पॅनलांनी भरली होती. पण पॅनल कोणी पाहिले नव्हते. त्यांच्यावर निळ्या मखमलीचा प्रचंड पडदा होता, चारी कडांनी सांगाड्याला गच्च बांधलेला. एका कोपऱ्यात सोनेरी दोरी लोंबत होती आणि तिच्या गाठीवर लाखेची मोहोर होती. ती दोरी मंत्रीसाहेबांनी ओढायची होती, की चारी कडांच्या सरकगाठी एकदम सुटणार होत्या. वर्षभर ती कुणी ओढलीच नव्हती, कारण दरवेळी तारीख ठरायची आणि मंत्री बदलायचे. मंत्री बदलले की संगमरवरी पाटी बदलायची. जुन्या पाट्या टाकीशेजारी पालथ्या रचून ठेवल्या होत्या. माजी झाले तरी मंत्रीच ते.

वायरमन कठड्याला टेकून पडला होता. कवटीची मागची बाजू फुटून आत गेली होती. रक्त पन्हाळीपर्यंत ओघळून तिथं वाळलं होतं आणि माश्यांनी त्याचा ताबा घेतला होता. उजवा तळवा करपून काळा पडला होता. शेजारी पॅनलांच्या तारांची पेटी उघडी, तिच्यापाशी त्याची हत्यारांची पिशवी. पिशवीतून तारांना डाग द्यायचा ब्लोलॅम्प डोकावत होता.

"सरळ केस आहे, मॅडम."

बोलणारे योजनेचे अधिकारी होते. गाव त्यांना सौरसाहेब म्हणायचं. अंगात काळा बंद गळ्याचा कोट, बटणं हनुवटीपर्यंत लावलेली. चेहऱ्यावरून घाम अक्षरशः गळत होता.

"या उन्हात कोट?"

"शिस्त, मॅडम. मंत्रीसाहेब येणार." त्यांनी रुमाल फिरवला. "परवानगी नसताना यानं पेटीत हात घातला. शॉक लागला, मागं फेकला गेला, कठड्यावर डोकं आपटलं. आणि त्याला वर पाठवलं कुणी? त्याच्या सख्ख्या बहिणीनं. खालच्या बाळांच्या वॉर्डातली मुख्य नर्स. हलगर्जीपणाचा गुन्हा तिच्यावर लावा, कागद मी तयार ठेवलाय. आणि हे... हे चारच्या आत हलवा."

"'हे' म्हणजे?"

"हे," सौरसाहेब प्रेताकडे न बघता म्हणाले.

"या पॅनलांबद्दल जरा समजावून सांगा मला. मी अडाणी आहे यात."

सौरसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. माणूस खरोखरच आपल्या कामावर प्रेम करणारा होता. आपल्या देशात वर्षाचे बहुतेक दिवस लख्ख ऊन. अर्धा खर्च सरकार सोसतं. प्रत्येक दवाखाना, प्रत्येक शाळा आपल्या छपरावर आपली वीज करील. दिवसा लाइट गेली तरी वॉर्ड थेट पॅनलांवर चालेल. धोरण खरंच सोन्यासारखं होतं.

"पण फार नाजूक काम, मॅडम. पॅनलच्या कोपऱ्यावर पानाची सावली पडली तरी वीज खुंटते. म्हणून शेजारची चार मोठी झाडं मी स्वतः उभं राहून पाडून घेतली. सावली म्हणून ठेवली नाही!"

"उत्तम केलंत," बाई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

*

बाळांच्या वॉर्डात अंधार होता. सकाळी लाइट गेली होती. जनरेटर होता, पण त्यातलं डिझेल चारच्या भाषणासाठी राखून ठेवलेलं. मुख्य नर्स ताई एका वीतभर बाळाच्या तोंडावरची रबरी पिशवी हातानं दाबत उभ्या होत्या. दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची. डोळे कोरडे.

"तुमच्यावर गुन्हा लावायला सांगतायत, ताई."

"लावा. पण हे मशीन चालू झाल्यावर मला न्या. हात थांबला तर हे जाईल."

"दादाला वर तुम्हीच पाठवलंत?"

"मीच. काल असंच एक गेलं माझ्या हातात. आज लाइट गेली तशी दादाला म्हटलं, आता बास, जा आणि फाड तो पडदा. तो म्हणाला, फाडतो, पण मंडपवाला माझं मुंडकं मागेल." त्यांनी पिशवी दाबली, सोडली. "शॉकनं मेला म्हणतात. वीस वर्षं तारांत गेली त्याची, बाई. मी पाठवलं म्हणून मेला का तो?"

उत्तर अजून गच्चीवर होतं.

जिन्याखाली पॅनल बसवणारा ठेकेदार डोकं धरून बसला होता.

"वर कधी गेला होतात?"

"आज नाहीच. रोज मात्र जातो. त्या पेटीवर बसून डबा खातो मी."

"भीती नाही वाटत?"

"कशाची? झाकलंय तोवर मेलेलंच आहे ते."

"मग हा शॉक?"

"तेच कळत नाही हो! माझ्या वायरिंगनं माणूस मेला म्हटल्यावर माझं लायसन्स गेलं, मी गेलो, माझं बिऱ्हाड परत सासुरवाडीला गेलं."

मंडपवाला खाली व्यासपीठावर खुर्च्या पुसत होता. बाईंना पाहून त्यानं सगळ्यात आधी पडद्याचीच चौकशी केली.

"मखमल धड आहे ना? रक्तबिक्त नाही ना उडालं?"

"माणूस मेलाय."

"वाईटच झालं. पण वर्षभर माझं कापड अडकलंय, बाई. दोन मोठी लग्नं मी साध्या चादरींवर काढली! दर आठवड्याला सोडून न्यायला जातो, आणि सौरसाहेब अंगावर येतात."

"सकाळी सौरसाहेब कुठं होते?"

"इथंच, माइकवर भाषणाची तालीम. लाइट गेली, माइक मेला, आणि साहेब घशाला आराम द्यायला म्हणून आत गेले."

"तेव्हा कोट होता अंगात?"

"छे! पांढरा शर्ट. कोट खुर्चीला टांगलेला. नंतर बघतो तर खुर्ची रिकामी, कोट साहेबांच्या अंगात."

*

बाई पुन्हा वर आल्या. टाकीशेजारी वाकून त्यांनी पालथ्या पाट्यांचा ढीग न्याहाळला. खालच्या पाट्यांवर बोटभर धूळ. सगळ्यात वरची मात्र दुधासारखी स्वच्छ.

"हवालदार, धूळ सगळ्या मंत्र्यांवर सारखी बसते ना?"

"माजी झाल्यावर तर जास्तच, बाई."

"मग या वरच्या पाटीवर का नाही? कालपर्यंत तिच्यावर आणखी एक होती म्हणून. टाकीत हात घाला."

हवालदारानं कुरकुरत बाही वर केली. थोड्या वेळानं त्यानं संगमरवराचा जड तुकडा बाहेर ओढला. त्याच्या खाचेत केस चिकटले होते. पाण्यात गुलाबी रेघ पसरली. पाटीवर कोरलं होतं: 'यांच्या शुभहस्ते'. पुढचं नाव गेल्या मंत्र्यांचं होतं.

"सगळ्यांना वर बोलवा."

ठेकेदार आला, मंडपवाला आला, सौरसाहेब घड्याळ बघत आले. त्यांच्या हातात तबक होतं. तबकात फीत कापायची नवी कोरी कात्री.

"मॅडम, वेळ अजिबात नाही."

"वायरमनलाही नव्हता." बाई पेटीपाशी उभ्या राहिल्या. "याला शॉक लागलेला नाही. लागूच शकत नव्हता. पानाच्या सावलीनं वीज खुंटते, असं साहेबांनीच मला शिकवलं. इथं तर वर्षभर जाड मखमल आहे. पडद्याच्या सगळ्या गाठी जागच्या जागी, मोहोर शाबूत. पेटीत वीज नव्हतीच. कुणीतरी मागून या पाटीनं त्याचं डोकं फोडलं, पाटी टाकीत बुडवली आणि त्याच्याच पिशवीतल्या ब्लोलॅम्पनं मेलेल्या माणसाचा तळवा भाजला."

मंडपवाल्यानं तोंडावर हात ठेवला.

"कुणी?" ठेकेदार पुटपुटला.

"तुम्ही नाही. तुम्ही काहीही खोटं सांगितलं असतं, पण शॉक सांगितला नसता. तो तुमच्याच गळ्याशी आला असता. मंडपवालेही नाहीत. त्यांच्या हातून खून झाला असता तर निदान मखमल तरी घरी गेली असती. ताईंनी पडदा फाडायलाच पाठवलं होतं. म्हणजे या गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला पडदा उघडायचा होता. ज्याला तो उघडायचा नव्हता असा माणूस एकच."

सौरसाहेब हसले. "मॅडम, हा निव्वळ तर्क झाला."

"हो ना. आणि माझा तर्क एका जागी अडतोय, तेवढं तुम्हीच सोडवा. शॉकचा देखावा करायचा, तर पडद्याचा एक कोपरा वर करून ठेवायचा. उन्हात चार पॅनल उघडे दिसले असते, तर मीही फसले असते. एवढी साधी गोष्ट तुमच्यासारख्या जाणकारानं का केली नाही?"

"मंत्रीसाहेबांच्या आधी?" सौरसाहेब ताडकन म्हणाले. "पडदा मी उघडू? मला काय अधिकार?"

माश्यांचा आवाज तेवढा येत होता.

आपण काय बोललो ते सौरसाहेबांना हळूहळू कळलं. तबक खणकन पडलं. कात्री हातात आली आणि ते बाईंवर धावले. हवालदार मध्ये पडला. पातं त्याच्या दंडात घुसलं, रक्ताची चिळकांडी थेट निळ्या मखमलीवर उडाली. बाईंनी साहेबांचं मनगट धरून कठड्यावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. गुडघा छातीवर रोवून त्यांनी कोटाची बटणं ओढून तोडली. आत पांढरा शर्ट होता. पोटापासून कॉलरपर्यंत तपकिरी ठिपके.

"पक्कड लावली होती त्यानं मोहोरेला," सौरसाहेब हुंदके देत म्हणाले. "मी म्हटलं, चार वाजेपर्यंत थांब. फक्त चार वाजेपर्यंत. तो म्हणाला, बाळाला सांगा थांबायला."

"माझी मखमल," मंडपवाला क्षीणपणे म्हणाला.

बाईंनी मोहोर बुटाच्या टाचेखाली चिरडली आणि दोरी ओढली. ती मुळीच अडली नाही. निळा पडदा सरसरत वायरमनच्या पायाशी जाऊन पडला, आणि वर्षभर दारात तिष्ठत असलेलं ऊन एकदम पॅनलांवर उतरलं.

"आता हात लावू नका हं!" ठेकेदार ओरडला आणि बटण टाकायला जिन्याकडे पळाला.

दूर रस्त्यावर मंत्रीसाहेबांच्या गाडीचा भोंगा वाजू लागला होता. बाई त्या दिशेला न बघता खाली गेल्या.

वॉर्डात दिवे लागले होते. बाळाला मशीन लावलं होतं आणि त्याची इवलीशी छाती आपोआप वरखाली होत होती. बाईंनी सौरसाहेबांच्या कोटातून काढून आणलेला गुन्ह्याचा तो तयार कागद ताईंसमोर फाडला.

"शॉक नव्हता, ताई. तुम्ही पाठवलंत म्हणून नाही गेला तो. पडदा उघडायला निघाला म्हणून मारला त्याला. मारणारा वर बसलाय, बेड्यांत."

ताईंनी मान हलवली. पिशवी त्यांनी केव्हाच बाजूला ठेवली होती. हात मात्र रिकाम्या हवेत दाबत होता, सोडत होता, दाबत होता.