शेजारच्या मोरीतलं सोमवारचं धुणं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या डाव्या हातात प्लेट आहे, सहा महिन्यांपूर्वीची. एक्स-रे घरात आहे, कोणाला बघायचा असेल तर दाखवीन.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

सोमवारची सकाळ होती. साडेअकराचा सुमार. खाली भाजीवाला ओरडत होता, गॅलरीत स्वच्छ ऊन होतं.

डिलाईल रोडच्या एका गल्लीत आमची चाळ आहे. नाव लिहीत नाही, कारण लोक अजून राहतात तिथे. दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. मी, आई आणि बाबा. भिंतीपलीकडे हितेंद्रची खोली. तो राहतो बदलापूरला. ती खोली कित्येक वर्षं बंद होती. गेल्या वर्षी त्याने टाइल्स लावल्या, मोरीला ॲल्युमिनियमचं दार बसवून तिचं बाथरूम केलं आणि खोली भाड्याने दिली.

भाडेकरू आले दोन. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी. एक विटकॉम, अमेरिकेतल्या आयडाहोचा, काडीसारखा. दुसरा फिनाउ, टोंगा नावाच्या बेटावरचा. तो दारातून जरा तिरका होऊनच आत यायचा. दोघंही वीस-एकवीसचे. एकमेकांना नावाने हाक मारायची नाही, ‘एल्डर’ म्हणायचं. त्यामुळे अख्खी चाळ दोघांनाही एल्डरच म्हणायला लागली.

रस्त्यात उभं राहून ते धर्म वगैरे सांगत नसत. कोणी बोलावलं तरच जायचे. संध्याकाळी खालच्या पोरांना इंग्रजी शिकवायचे, आणि मी त्यांना मराठी. माझं बी.एस्सी. नुकतंच झालं होतं, नोकरी नव्हती, वेळच वेळ होता.

समोरच्या चंपामावशींना फिनाउ रोज विचारायचा, “मावशी, तू जेवली?”

“जेवले रे बाबा. तू काय खातोस, ते सांग आधी. म्हैस?”

तो हसला की गॅलरीचं लाकूड हलायचं.

त्यांचा एक नियम मला फार विचित्र वाटायचा. दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेत राहायचं. निदान हाक ऐकू येईल इतक्या अंतरात. खाली दूध आणायलासुद्धा एकट्याने जायचं नाही. झोपायचंही एकाच खोलीत.

सूट फक्त एका जागेला होती.

बाथरूम.

सोमवार त्यांच्या सुट्टीचा. त्या दिवशी बाजार, केस कापणं, घरी व्हिडिओ कॉल आणि आठवड्याचे कपडे. फिनाउ स्वयंपाक करायचा. विटकॉम बाथरूमचं दार लावून कपडे धुवायचा.

पहिल्यांदा आवाज ऐकला तेव्हा मी घरात वाचत बसलो होतो.

धप... धप... धप...

कपडे दांडक्याने बडवल्यासारखा. जड, ओला.

बाबा टीव्ही बघत होते. त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी मी विटकॉमला विचारलं, “दांडका कुठून आणलास रे?”

“कसला दांडका?”

त्याच्याकडे फक्त बादली होती. आणि एक प्लॅस्टिकचा ब्रश.

त्या दिवशी त्याने आईला व्हिडिओ कॉल केला तेव्हा फोन इतका वर धरला होता, की नुसतं कपाळ दिसत असावं. बाही वर सरकली. दंडावर जांभळा पट्टा होता. चार बोटं रुंद.

“घसरलो,” तो म्हणाला.

मी फिजिक्सवाला आहे. घसरून पडलेल्याच्या अंगावर दोन समांतर सरळ कडा उमटत नाहीत.

पुढच्या सोमवारी पाठीवर तसेच पट्टे.

त्याच्या पुढच्या सोमवारी बरगडी मोडली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विटकॉमला तपासलं, आणि मग बराच वेळ फिनाउच्या हातांकडे बघितलं. त्यांच्या मिशनचे साहेब आले. ठरलं एवढंच, की पुढच्या मंगळवारी दोघांना वेगळं करायचं. आणि चौकशीत काही निघालं, तर फिनाउला घरी पाठवायचं.

त्या संध्याकाळी फिनाउ आमच्या उंबऱ्यात बसला होता, शेजारी विटकॉम. त्यांच्याशी माझं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मराठीत लिहितोय.

“मला सोडायला अख्खं गाव विमानतळावर आलं होतं,” तो म्हणाला. “परत गेलो की तेच गाव येईल. कोणी काही विचारणार नाही. सगळे माझ्या हातांकडे बघतील.”

विटकॉम म्हणाला, “हा मारत नाही. हा बाहेर कांदा कापत असतो.”

“मग कोण मारतं?”

“दिसत नाही. आधी तोंडात ओलं कापड कोंबलं जातं. मग... ओरडता येत नाही.”

“कापड दिसतं?”

“नाही. चव लागते. साबणाची.”

मी चंपामावशींना गाठलं. त्या चाळीत सगळ्यात जुन्या. आवाज त्यांनाही ऐकू येत होता.

“ओळखीचा आवाज आहे रे तो,” त्या म्हणाल्या. “हितेंद्रचा चुलता होता कुशाबा. त्याची बायको शेवंती. कुशाबाला मिलची सुट्टी सोमवारी. सोमवारी ती धुणं काढायची, आणि हा तिच्याच हातातला दांडका घ्यायचा.”

“दर सोमवारी?”

“दर सोमवारी. वर्षानुवर्षं.”

“आणि कोणी मध्ये पडलं नाही?”

“नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडणार? एका सोमवारी आवाज लवकर थांबला. मोरीत घसरून पडली, असं लिहिलं पोलिसांनी. कुशाबा गावी गेला, तिकडेच मेला.” मावशींनी आमच्या दाराकडे हनुवटी केली. “तुझ्या बापाला विचार. भिंत त्याची होती. रेडिओ मोठा करायचा.”

आमचं घर बौद्ध. भूत, अंगात येणं, हे आमच्याकडे कोणी मानत नाही. मीही नाही. मला एवढंच सिद्ध करायचं होतं, की फिनाउ निर्दोष आहे. त्यासाठी साधा प्रयोग पुरेसा होता. विटकॉम आत कपडे धुवेल. फिनाउ आमच्या घरात बसेल, आणि माझा फोन त्याचा व्हिडिओ घेत राहील. आत काही झालं, तर ते फिनाउने केलं नाही, हे साहेबांना दिसेल.

फिनाउ तयार नव्हता. “मी त्याच्यापासून इतका लांब कधी गेलेलो नाही.”

“अरे, एक भिंत तर आहे मध्ये.”

“त्याची हाक आली नाही तर?”

विटकॉमनेच त्याला ढकललं. “जा रे. नाहीतर उद्या तू विमानात असशील.”

सोमवार. साडेअकरा. आई ड्यूटीवर. बाबा टीव्हीसमोर. फिनाउ आमच्या लोखंडी खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर, फोनसमोर.

पलीकडे नळ सुरू झाला.

मग...

धप.

बाबांनी रिमोट उचलला.

धप... धप...

आवाज वाढला. टीव्हीचाही. बाबांचा अंगठा बटणावरून हलत नव्हता.

फिनाउ उठला.

“दोन मिनिटं थांब,” मी म्हणालो. “तू फ्रेममध्ये हवास.”

तो थांबला. माझं ऐकून थांबला.

मग आवाज बदलला. ओला होता तो कोरडा झाला. सुकं लाकूड मोडावं तसा...

फिनाउने खुर्ची उडवली आणि तो धावला. मी मागे. बाथरूमला आतून कडी होती. त्याने एकच लाथ घातली आणि ॲल्युमिनियमचं दार बिजागरीसकट आत पडलं.

विटकॉम फरशीवर पालथा होता. तोंड उघडं, आवाज नाही. पांढरे शर्ट लाल पाण्यात तरंगत होते.

आत दुसरं कोणीच नव्हतं.

आणि माझ्या डोळ्यांसमोर... त्याच्या पाठीवर एक खड्डा पडला. चार बोटं रुंद. कातडी आत गेली आणि हळूच वर आली.

धप.

पुन्हा.

धप.

पाण्याचे शिंतोडे भिंतीवर उडत होते. वर काहीच नव्हतं. ना हात, ना दांडका, ना सावली.

फिनाउने विचार केला नाही. तो विटकॉमवर आडवा पडला, सगळं अंग टाकून, आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकलं. पुढचा घाव फिनाउच्या पाठीवर पडला. मग मानेवर. मग डोक्यावर. त्याचा शर्ट फाटला, खालून मांस दिसलं. तो त्याच्या भाषेत एकच शब्द ओरडत होता. नंतर कळलं, त्याचा अर्थ ‘मी इथे आहे’.

मी हात मध्ये घातला. का, ते माहीत नाही.

हाड मोडल्याचा आवाज आधी आला. दुखलं नंतर.

आणि सगळं थांबलं.

एकदम.

नळ वाहत होता. फिनाउ हुंदके देत होता. विटकॉमच्या घशातून घरघर येत होती, म्हणजे तो जिवंत होता. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

तेव्हा मला ती पावलं दिसली.

ओली. लहान. बाईची. फिनाउच्या अंगाजवळून निघालेली. माझ्या पायाशेजारून बाहेर गेलेली. उजवं पाऊल नीट उमटलं होतं, डावं फरपटत. मी बघत असतानाच पुढचं उमटलं. मग त्याच्या पुढचं. खोलीच्या दारातून गॅलरीत, उन्हात...

मी उठून भिंत धरत मागोमाग गेलो. आमच्या दाराशी जाऊन ती थांबली.

आत टीव्ही फुल आवाजात सुरू होता.

मग आवाज कमी झाला. एकेक आकडा. कोणीतरी सावकाश बटण दाबत असल्यासारखा. कमी... अजून कमी... पूर्ण बंद.

आणि बाबांचा आवाज आला. वडिलांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“वहिनी...?”

मी आत गेलो तेव्हा बाबा एकटेच होते. रिमोट लांब, खिडकीत होता. तो ओला होता.

विटकॉमची प्लीहा काढावी लागली. तो वाचला, त्याला आयडाहोला नेलं. फिनाउच्या तीन बरगड्या मोडल्या, डोक्याला टाके पडले. माझा व्हिडिओ साहेबांनी तीनदा बघितला. त्यात फिनाउ आमच्या घरात बसलेला स्पष्ट दिसतो. धपधप मात्र अजिबात रेकॉर्ड झालेली नाही. फक्त टीव्हीचा आवाज वाढत जातो. फिनाउला घरी पाठवलं नाही. बरा झाल्यावर दुसऱ्या शहरात नेमणूक झाली. दर सोमवारी त्याचा मेसेज येतो. “आज तू कोणासोबत आहेस?”

कारण पुढच्या सोमवारी आवाज आमच्या मोरीतून आला.

बाबा बाहेर आले तेव्हा कानातून रक्त येत होतं. “घसरलो,” ते म्हणाले. बनियन वर करून बघितलं. चार बोटं रुंद. सरळ कडा.

सोमवारी मोरीत जाऊ नका, असं मी शंभरदा सांगितलं. पण साडेअकरा झाले की ते उठतात. अडवलं तर माझ्याकडे अनोळखी माणसासारखं बघतात आणि म्हणतात, “धुणं राहिलंय.” एकदा आईने आणि मी मिळून धरलं, तर दोघांनाही फरपटत घेऊन गेले. बाबा साठीचे आहेत, दम्याचे पेशंट.

म्हणून आता फिनाउचा नियम आमच्या घरात आहे. सोमवारी मोरीचं दार उघडं. मी समोर स्टूल टाकून बसतो. बाबांना नजरेआड होऊ देत नाही. मी असलो की काही होत नाही. फक्त त्यांच्या मागची भिंत ओली होत जाते. खालून वर. साधारण माणसाच्या उंचीइतकी.

गेल्या आठवड्यात मला नोकरी लागली. तुर्भ्याला, एका टेस्टिंग लॅबमध्ये. सोमवारी जॉइन व्हायचंय. आईच्या सगळ्या रजा संपल्यात. मंगळवारी आलो तर चालेल का, असं मी लॅबला विचारलं. त्यांनी कारण विचारलं.

काल मी पहिल्यांदाच बाबांशी सरळ बोललो.

“बाबा, फिनाउला दार तोडायला एक लाथ पुरली. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की दार तोडावं?”

बाबांनी भिंतीकडे बघितलं.

“दार हितेंद्रने आत्ता बसवलं रे,” ते म्हणाले. “तेव्हा मोरीला दारच नव्हतं. पडदा होता. आणि खोलीचं दार तर दिवसभर उघडंच असायचं.”

आज शनिवार आहे. मोरीतला नळ मी घट्ट बंद केलाय.

तरी भिंत पायाशी आत्तापासूनच ओली दिसतेय...