मऊ राहिलेला पत्रा

मागच्या खोलीत आमची भट्टी आहे. छप्पर बुटकं, खिडकी एक, तीही काजळीने अर्धी आंधळी. तांब्याची भांडी घडवायचा धंदा नवऱ्याचा. पण तो ठोकायचा आणि ताव द्यायची मी. ठोकून ठोकून तांबं ताठ होतं, त्याचा आवाजही चढत जातो. मग ते भट्टीत लाल करायचं आणि पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. तो नेमका लाल रंग ओळखण्यात माझा हात धरणारं अख्ख्या गल्लीत कुणी नव्हतं. शाळा चौथीत सुटली, पण या बाबतीत मला शिकवायला कुणी येऊ नये.

नात डिझाइनच्या कॉलेजात आहे. तिला आम्ही ठिणगी म्हणतो. शेवटच्या वर्षाच्या प्रयोगासाठी ती तीन गोल पत्रे घेऊन आली, एकाच गुंडाळीतून कापलेले.

"आजी, ताव न देता ठोकायचं, फुटेपर्यंत. दर शंभर घावांनी आवाज मोबाइलवर घ्यायचा."

"फोडायला कॉलेज लागतं होय? तुझ्या आजोबाने लग्नाच्या पहिल्या वर्षी चार घागरी फोडल्या, त्याला कुणी डिग्री दिली नाही."

"सरच म्हणाले, जिने जन्मभर फुटू दिलं नाही तिच्यासमोर फोड."

सर बरे असावेत.

पहिला पत्रा नऊशे घावांवर तडकला, दुसरा त्याच्या थोडा पुढे. दोन्ही वेळा मी दहा घाव आधी "आता" म्हटलं. तडकायच्या आधीचा आवाज बारीक असतो, दातांत शिरतो. ठिणगी माझ्याकडे बघतच राहिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्याचे हजार झाले. आवाज चढेना. दुसऱ्या दिवशी दोन हजार. मी पत्रा उचलून कडेला दाबला, तर तो वाकला. नुकता ताव दिल्यासारखा.

"चोरून तापवलास?"

"तुझ्या नाकासमोर?"

भट्टी थंड होती. राख मीच काढली होती.

चौथ्या दिवशी तिला चहाचा कप धरता येईना. उजव्या हाताची बोटं ताठली होती. डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढणाऱ्याने हाताचा फोटो दोनदा काढला. दोन्हींत हाडं दिसेनात. बोटांपासून मनगटापर्यंत नुसता पांढरा ठोकळा. "मशीन बिघडलंय," तो म्हणाला, पण हात पुसत बाहेर निघून गेला. डॉक्टरांनी मलम दिलं.

"पुरे आता," मी म्हटलं.

"सोमवारी दाखवायचंय, आजी. हा फुटला नाही तर प्रयोग अर्धवट."

तेव्हाच तो पत्रा मी गटारात टाकायला हवा होता. पण माझं न ऐकणारं तांबं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझीही खुमखुमी होती. मीच म्हटलं, "बरं, आणखी शंभर घे."

शनिवारी दुपारी ती ताठलेल्या बोटांत हातोडा अडकवून ठोकत होती, मी स्वयंपाकघरात होते. घाव थांबले. मी मनात मोजत होते, एकसष्टावर थांबले.

जाऊन बघते तर ती ऐरणीपाशी उभी. लोखंडी दांड्याचा हातोडा मुठीत, कोपर सरळ.

"आजी, सुटत नाहीये."

मी तिची बोटं उकलायला गेले. गार होती. एकही हललं नाही. ओढाओढीत तिची मूठ ऐरणीच्या कडेला लागली.

वाजली.

बारीक आवाज. दातांत शिरणारा.

"आता" हा शब्द माझ्या तोंडात आला होता. मी तो गिळला.

"आजी," ती हळू म्हणाली, "मनगटाकडे बघ."

केसाएवढी काळी रेघ होती. रक्त नव्हतं.

"दुखतंय?"

"काहीच कळत नाही. आजी, ताव दे."

"गप बस."

"मग तू सांग, दुसरं काय करायचं ते."

रेघ गव्हाच्या दाण्याएवढी पुढे सरकली होती.

मी भट्टी पेटवली.

तिने मनगटापर्यंत हात आत धरला. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, रंगाकडे बघितलं. आधी काळपट, मग जांभळट. जळका वास आला नाही. मग तो रंग आला.

"काढ."

पाण्यात बुडताच हात चर्रकन वाजला. वाफ गेली. तिची बोटं एकेक करून उघडली आणि हातोडा बादलीच्या तळाशी बसला. रेघ मिटली होती.

"बघ, हलतायत," ती म्हणाली, आणि हसली.

मला रडू आलं. मी तिचं मनगट गच्च धरून बसले, किती वेळ कोण जाणे.

सोडलं, तर माझ्या अंगठ्याएवढा खळगा तिच्या मनगटावर राहिला. अंगठ्याच्या रेषांसकट.

महिना झाला. अजून भरून आलेला नाही.