अर्ध्यात सोडायची ओळ

संगीताशिवाय जगणं अशक्य आहे असं सांगणारे लोक मला जन्मभर भेटत आले. माझं त्याशिवाय अगदी व्यवस्थित चाललं होतं. कचेरीत कागद लावले, घरी वर्तमानपत्र वाचलं, आणि गाणं ही इतरांना होणारी सर्दी आहे असं समजून चार हात लांब राहिलो. निवृत्तीनंतर पाहतो तर सगळं जगच गायला लागलेलं. मागे सरकणारी मोटार गाते. लिफ्टचं दार उघडं राहिलं की लिफ्ट गाते. धुण्याचं यंत्र काम संपल्याच्या आनंदात गातं. मी सेवेतून सुटलो तेव्हा मलासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता. औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला जावं, तर डोक्यावरच्या स्पीकरमधून कुणाचा तरी प्रेमभंग ठिबकत असतो.

त्या दुपारीही मी गोळ्याच आणायला गेलो होतो. सांगायचं आहे ते तिथपासूनचं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि ही. मुलगी लांब असते, रविवारी फोन करते. हिला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलायला गेली की तोंडातून नुसता वारा येतो आणि मग डोळ्यांतून पाणी. डॉक्टर म्हणाले, देवाची कृपा, जीव वाचला. मी कृपेबद्दल तक्रार करत नव्हतो. मला फक्त एकदा तिच्या तोंडून ‘अहो’ ऐकायचं होतं. ज्या हाकेनं सगळ्या संसारात माझा एकही अग्रलेख पुरा होऊ दिला नाही, ती हाक.

वाचा परत आणण्यासाठी एक बाई येत. मी मनातल्या मनात त्यांना वाचाबाई म्हणतो. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या नशिबात गाणं वाढून ठेवलं.

“बोलायचा रस्ता खचलाय, काका,” त्या म्हणाल्या. “गाण्याची गल्ली शाबूत आहे. यांना तिकडून न्यायचं.”

रीत अशी. हिचा डावा हात मनगटाशी धरायचा आणि अक्षरागणिक पलंगाच्या लाकडी कडेवर टेकवायचा. टक, टक. त्याबरोबर दोन सुरांत साधं वाक्य गायचं. आधी दोघांनी मिळून, मग आपण ‘मला पाणी…’ एवढंच म्हणून गप्प व्हायचं. पुढचं ‘हवंय’ तिनं म्हणायचं. सुरुवात करणं तिला जमणार नाही, शेवट जमेल. आपण सुरुवात द्यायची आणि ओळ अर्ध्यात सोडायची. जाता जाता बाईंनी हळूच सुचवलं की काकांनी थोडं सुरात म्हटलं तर बरं.

मी म्हटलं. ही भिंतीकडे तोंड करून पडली. रोज सकाळ-संध्याकाळ मी दोन सुरांच्या मागे धावे आणि दोघंही माझ्या हातावर तुरी देत. तिची उरलेली निम्मी बाजूही माझ्या गळ्यानं जाईल की काय, अशी मला धास्ती वाटू लागली. चिडचिड तिचीही होई, माझीही. फरक एवढाच की मला ती बोलून दाखवता येई.

तर त्या दुपारी गोळ्या घेऊन परतलो, चपला काढल्या, आणि आतून आवाज आला. टक, टक. मग हिचा स्वर, बारीक पण स्वच्छ.

“…हवंय.”

पुन्हा टक, टक.

“…बरी आहे.”

मी पिशवी हातात धरून तिथेच उभा राहिलो. माझ्यासमोर लाजते बिचारी, एकटी असताना सराव करते, असं वाटलं. आत गेलो तर ती गप्प पडून होती. खिडकीपाशी असणारी खुर्ची पलंगाला चिकटून होती. कामवाल्या बाईंनी झाडताना सरकवली असेल, म्हणून मी सोडून दिलं.

हे ऐकून वाचाबाई खूश झाल्या. दुपारी यांच्याकडून कोण करून घेतं, असं त्यांनी विचारलं. कुणी नाही, आपली आपण करते, असं मी सांगितलं. त्या हसल्या.

“आपलं आपण होत नाही हो हे. कुणी सुरुवात दिल्याशिवाय यांना शेवट येणारच नाही. तुम्हीच असणार. लाजताय कशाला?”

जन्मात पहिल्यांदा मला गाण्याबद्दल शाबासकी मिळाली, आणि ती दुसऱ्याच कुणाची तरी होती.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं. मी बाहेर गेल्यासारखं केलं आणि घरातल्याच बोळात थांबलो. घरात एक वास पसरला होता, वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेतल्या ओल्या कापडासारखा. टकटक सुरू झाली.

“…दोघंच.”

“…लांब असते.”

“…दुपारी. औषधाला.”

माझी उभी नोकरी चौकशीच्या खिडकीमागे गेली. उत्तरावरून प्रश्न ओळखायला मला वेळ लागत नाही. खोलीच्या दाराच्या फटीतून पाहिलं. हिचा डावा हात वर उचललेला होता. पण ती तो उचलत नव्हती. मनगट ताठ, बोटं खाली लोंबलेली… कुणी धरल्यावर हात जसा दिसतो तसा.

मी दार ढकललं. हात धप्पकन गादीवर पडला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी खुर्ची बाहेर काढली, दुपारी घराबाहेर पडणं बंद केलं, तिच्या उशाशी बसून राहू लागलो. टकटक थांबली. आणि हिचं बोलणंही थांबलं. पुन्हा नुसता वारा, पुन्हा पाणी. मी घसा फुटेस्तोवर गायलो. ती दाराकडे डोळे लावून पडे, आणि माझ्याकडे वळलीच तर रागानं. शिकवणीचे मास्तर हाकलून दिल्यावर मुलं बापाकडे बघतात तशी. रविवारी मुलीनं फोनवर, आई, एकदा काहीतरी बोल ना, असं विनवलं. पलीकडे तिला नुसता श्वास ऐकू गेला असेल. फोन ठेवायच्या आधी मुलगी रडली.

त्यानंतर मी फार विचार केला नाही. जागा एकच आणि उमेदवारही एकच असला की आमच्या कचेरीतसुद्धा कुणी पात्रता तपासत नसे. मी खुर्ची परत पलंगाशी नेऊन ठेवली. मोठ्यानं म्हणालो, “औषध घेऊन येतो.” नक्की कुणाला सांगितलं, देव जाणे. बाहेरचं दार आपटलं आणि आतल्या बाजूलाच, बोळात श्वास धरून उभा राहिलो.

आधी वास आला. मग टक, टक.

“मला पाणी…”

हिचा आवाज. सुरुवातीचा अर्धा भाग, अगदी सुरात. सुरुवात तिला कधी जमणार नाही असं बाई म्हणाल्या होत्या, आणि ती जमली होती. मी आनंदानं दाराकडे पाऊल टाकलं.

पण तिनं ओळ तिथेच सोडली होती.

“…हव्… यं…”

तो आवाज हिचा नव्हता. जाड, ओलसर. जीभ कुठे टेकवायची हे ठाऊक नसल्यासारखा. सूर चुकला. हिनं न कंटाळता पुन्हा सुरुवात दिली, किती मायेनं दिली म्हणून सांगू…

“मला पाणी…”

“…हवंय.”

या वेळी बरोबर आलं. आत थोडं थांबून लाकडावर दोनच ठोके पडले.

“अ…” ही म्हणाली.

“…हो,” दुसऱ्यानं पुरं केलं.

सवय वाईट असते.

“आलो,” मी म्हणालो.

आत खुर्ची मागे सरकली.